साखळी थांबते, झाड थांबत नाही

पेट्रोलवर चालणारी करवत, म्हणजे आपल्याकडे जिला चेन सॉ किंवा नुसतं कटर म्हणतात ती, सुरक्षितपणे कशी चालवावी असा प्रश्न निघाला की उत्तर बहुधा यंत्रापाशी सुरू होतं आणि यंत्रापाशीच संपतं. हेल्मेट घाला, साखळीला धार ठेवा, दोन्ही हातांनी घट्ट धरा. या सूचना खऱ्या आहेत आणि त्या पाळल्याच पाहिजेत. पण जर्मनीचा या बाबतीतला जवळजवळ शंभर वर्षांचा अनुभव तपासला तर असं दिसतं की यंत्र तिथे टप्प्याटप्प्याने पुष्कळ सुरक्षित होत गेलं, तरी जंगलात माणसं मरायची थांबली नाहीत. साखळीने पाय कापला जाण्याचे अपघात होतात, पण जीव जातो तो बहुतेक वेळा पडणाऱ्या झाडाखाली, वरून निखळलेल्या फांदीखाली किंवा शेजारच्या झाडात अडकून राहिलेलं खोड सोडवताना. त्यामुळे करवतीची सुरक्षितता ही मुख्यतः झाड ओळखण्याची विद्या आहे असं माझं म्हणणं आहे. ही विद्या आपोआप येत नाही, शिकवावी लागते. आणि अपघाताचा खर्च ज्याच्या अंगावर येतो त्याच्याकडेच शिकवण्याची जबाबदारी आणि तपासणीचा अधिकार दिला, तर ती खरोखर शिकवली जाते. जर्मनीने यातला मोठा भाग साधला आहे. जिथे साधलेला नाही, तिथे काय होतं हेही त्याच देशात पाहायला मिळतं.

हा प्रश्न तपासायला जर्मनीच का, याचं कारण तिथल्या जंगलाच्या मालकीत आहे. 2022 च्या राष्ट्रीय वनगणनेनुसार देशात सुमारे 1 कोटी 15 लाख हेक्टर जंगल आहे, म्हणजे जमिनीचा जवळजवळ तिसरा हिस्सा. त्यातलं निम्म्याच्या आसपास खासगी आहे आणि ते अठरा-वीस लाख मालकांत वाटलेलं आहे. यातल्या बहुतेकांकडे दोन-चार हेक्टरचा तुकडा असतो, वारशाने आलेला, कधी गावापासून दूर शहरात राहणाऱ्या वारसाचा. शिवाय घराघरांतून लाकडाच्या शेगड्या आहेत, सुमारे एक कोटी दहा लाख. सरपण विकत घ्यायचं, तेही जंगलातच पडलेल्या ओंडक्यांच्या रूपात, आणि ते स्वतः कापून घरी न्यायचं ही तिथली जुनी पद्धत आहे. म्हणजे करवत केवळ वनखात्याच्या कामगारांच्या हातात नसून शिक्षक, कारकून, निवृत्त रेल्वे कर्मचारी अशा लाखो लोकांच्या हातात आहे. धंदेवाईक आणि हौशी अशा दोन्ही वर्गांना एकच यंत्र वापरताना पाहायचं असेल तर यापेक्षा योग्य देश मिळणं कठीण.

शिवाय यंत्रही मोठ्या अंशी तिथलंच. एमिल लेर्प याने 1927 मध्ये थुरिंगिया प्रांतातल्या डोलमार नावाच्या डोंगरावर पेट्रोलवरच्या करवतीची चाचणी घेतली आणि पुढे त्या डोंगराचंच नाव आपल्या कंपनीला दिलं. श्टुटगार्टच्या आंद्रेआस श्टील याने 1929 मध्ये झाडं पाडण्याचं पेट्रोल यंत्र बाजारात आणलं. त्याचं वजन 46 किलो होतं. अशी यंत्रं दोघांनी धरावी लागत. 1950 मध्ये श्टीलची एका माणसाने चालवायची 16 किलोची करवत आली, 1959 मध्ये ‘कॉन्ट्रा’ हे 12 किलोचं, सहा अश्वशक्तीचं मॉडेल आलं, आणि युरोपातल्या जंगलांतून हातकरवत झपाट्याने मागे पडली. हा इतिहास सहसा वजन घटल्याची कहाणी म्हणून सांगितला जातो. मला त्यात दुसरी एक गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. दोन माणसांची करवत गेली तेव्हा झाडाच्या शेंड्याकडे पाहणारी डोळ्यांची दुसरी जोडीही गेली. हातकरवतीच्या काळात झाड पडायला वेळ लागायचा, लाकडाचा करकर आवाज आधी ऐकू यायचा, आणि माणूस दचकून मागे सरायचा. इंजिनाच्या आवाजात आणि कानांवरच्या संरक्षक टोप्यांत तो इशारा बुडाला. ज्या कामाला पूर्वी अर्धा तास लागे ते आता दोन-तीन मिनिटांत होऊ लागलं, पण धोका ओळखायला लागणारा वेळ काही कमी झाला नाही.

यंत्राच्या स्वतःच्या धोक्यांवर मात्र अभियंत्यांनी मन लावून काम केलं, आणि त्याचं श्रेय त्यांना द्यायलाच हवं. करवतीच्या पात्याच्या टोकाचा वरचा पाव भाग लाकडाला टेकला की साखळी तिथे अडते आणि अख्खी करवत झटक्याने मागे, चालवणाऱ्याच्या चेहऱ्याकडे आणि मानेकडे उसळते. हे सारं सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आसपास घडतं. माणसाची प्रतिक्रिया त्याहून सावकाश असते, त्यामुळे सावध राहिलं की झालं हा सल्ला इथे निरुपयोगी आहे. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला पुढच्या मुठीसमोरच्या ढालीला जोडलेला साखळीचा ब्रेक आला. करवत उसळताच तो नुसत्या जडत्वानेही लागतो आणि साखळी थांबते. त्याआधीच्या दशकात मुठी आणि इंजिन यांच्यामध्ये धक्के शोषणारी रचना आली होती. तिची गरज का पडली हे जर्मन व्यवसायजन्य रोगांच्या अधिकृत यादीत दिसतं: क्रमांक 2104 हा कंपनांमुळे हातातला रक्तप्रवाह बिघडून बोटं पांढरी पडण्याचा रोग आहे, आणि 2301 हा आवाजामुळे येणारा बहिरेपणा. दोन्ही रोगांनी लाकूडतोड्यांची एक पिढी ग्रासली होती. आज युरोपात आठ तासांच्या कामासाठी हाताला बसणाऱ्या कंपनांची मर्यादा दर सेकंद वर्गाला 5 मीटर अशी ठरलेली आहे आणि 2.5 ओलांडताच मालकाला उपाय योजावे लागतात. इंधनाचंही तसंच. साध्या पेट्रोलच्या धुरातलं बेंझीन थेट चालवणाऱ्याच्या नाकाशी येतं, म्हणून जंगलात आता जवळजवळ बेंझीनमुक्त असं खास इंधन वापरतात. आणि साखळीला घातलेलं तेल सगळंच्या सगळं मातीत जातं, म्हणून ते जैवविघटनशील असावं असा आग्रह आहे.

कापण्यापासून रक्षण करणाऱ्या विजारीबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण तिच्यावर लोकांचा भाबडा विश्वास असतो. तिच्या आत लांब, मऊ धाग्यांचे थर असतात. साखळी कापडात शिरली की हे धागे ओढले जाऊन तिच्याबरोबर चाकात जातात आणि साखळी जाम करतात. म्हणजे विजार चिलखतासारखी टणक नसते. ती स्वतः फाटून यंत्र अडवते. सर्वांत जास्त वापरली जाणारी पहिल्या वर्गाची विजार साखळीच्या 20 मीटर प्रति सेकंद वेगाला तपासलेली असते. पूर्ण वेगातल्या अनेक करवतींची साखळी याहून वेगाने धावते. साध्या प्रकारात संरक्षण पायांच्या पुढच्या बाजूलाच असतं, पोटऱ्या उघड्या राहतात. एकदा छेद गेलेली विजार शिवून पुन्हा वापरता येत नाही. इतकं असूनही या विजारीने, ब्रेकने आणि चांगल्या बुटांनी हजारो पाय वाचवले आहेत यात शंका नाही. मुद्दा इतकाच, की यातलं एकही साधन तीन टनांच्या बीच वृक्षापुढे काही कामाचं नाही. वरून मनगटाएवढी फांदी आली तर हेल्मेट कदाचित वाचवेल. मांडीएवढी आली तर नाही.

म्हणूनच जर्मन प्रशिक्षणात करवत सुरू करण्याआधीचा वेळ सर्वांत मोलाचा मानतात. झाडाभोवती फिरून ते कुठे झुकलं आहे, शेंड्याचा भार कुठल्या बाजूला आहे, खोडात पोकळी किंवा बुरशी आहे का, वर सुकलेल्या फांद्या आहेत का, शेजारच्या झाडाच्या फांद्यांत याच्या फांद्या गुंतल्या आहेत का, हे पाहायचं. मग पडण्याची दिशा ठरवायची आणि तिच्या उलट, तिरक्या रेषेत मागे पळण्याची वाट मोकळी करायची. सरळ मागे पळायचं नाही, कारण झाड पडताना बुंधा उसळून सरळ मागेच येऊ शकतो. झाडाच्या उंचीच्या दुप्पट अंतरात, चहूबाजूंनी, दुसरं कोणी नसावं: तीस मीटरच्या झाडाला साठ मीटर. इतकं अंतर का, असं पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटतं. पण एक झाड पडताना दुसऱ्याला धडकतं, ते तिसऱ्याची फांदी मोडतं, आणि झाड ठरवलेल्या दिशेला न जाता कुठेही जाऊ शकतं. ही दुप्पट उंची त्या सगळ्याचा हिशेब धरून ठरवलेली आहे.

मग कापण्याची पद्धत. पडण्याच्या बाजूला पाचरीच्या आकाराची खाच घ्यायची, बुंध्याच्या व्यासाच्या पाचव्या ते तिसऱ्या हिश्श्याइतकी खोल. मागून आडवा छेद घ्यायचा तो खाचेच्या तळापेक्षा थोडा वर, आणि दोन्हींच्या मध्ये व्यासाच्या दहाव्या हिश्श्याइतकी लाकडाची पट्टी न कापता ठेवायची. पन्नास सेंटिमीटरच्या बुंध्याला ही पट्टी पाच सेंटिमीटर. झाड पडताना हीच पट्टी बिजागरीचं काम करते. ती त्याला दिशा देते आणि पडण्याचा वेग आवरते. घाईत किंवा अज्ञानात ही पट्टी पूर्ण कापून टाकली, की झाडाला कुठलीच दिशा उरत नाही. आता पुष्कळ ठिकाणी आणखी एक पायरी शिकवतात. पात्याचं टोक खोडात मधोमध खुपसून आतला भाग आधी कापायचा, बिजागरी व्यवस्थित साधायची, आणि अगदी मागे लाकडाचा एक पट्टा झाडाला धरून ठेवायला सोडायचा. या अवस्थेत झाड उभंच राहतं. माणूस थांबतो, पाचर घालतो, आजूबाजूला पाहतो, ओरडून इशारा देतो, आणि मगच बाहेरच्या बाजूला उभं राहून तो पट्टा तोडतो. या पद्धतीचा गाभा काय आहे तर इंजिनाने हिरावलेला वेळ तिने माणसाला परत मिळवून दिला. झाड कधी पडायचं हे झाडाऐवजी माणूस ठरवतो. यंत्रातल्या कुठल्याही सुधारणेपेक्षा हा शोध मला मोठा वाटतो, आणि त्यासाठी एक पैशाचंही यंत्र लागत नाही.

हे उभ्या, निरोगी झाडाचं झालं. वादळाने पाडलेल्या झाडाचं गणित वेगळंच असतं. 1990 च्या फेब्रुवारी-मार्चमधली ‘विवियन’ आणि ‘वीबके’ ही वादळं, 26 डिसेंबर 1999 चं ‘लोथार’, 18 जानेवारी 2007 चं ‘किरिल’, यांनी डोंगरच्या डोंगर आडवे केले. एकमेकांवर पडलेल्या खोडांत प्रचंड ताण साठलेला असतो. वाकलेल्या खोडाची एक बाजू दाबली गेलेली आणि दुसरी ताणलेली असते. ताणलेल्या बाजूने आधी कापलं तर खोड उभं चिरत जाऊन माणसावर झेपावतं. उन्मळलेल्या मुळांचं माती-दगडांसकट ताट उभं राहिलेलं असतं, आणि खोड कापून वेगळं केलं की ते ताट परत खड्ड्यात आदळतं, त्याच्या मागे कोणी असला तरी. वादळात मेले त्यांच्या बातम्या होतात. वादळानंतरच्या साफसफाईत जे मेले त्यांच्याकडे फारसं लक्ष जात नाही. या अनुभवातून जर्मन प्रशिक्षण केंद्रांनी ताण निर्माण करून दाखवणारी यंत्रणा बसवली, जिच्यात खोड अडकवून, वाकवून, कुठून कापल्यावर ते काय करतं हे शिकणाऱ्याला जीव धोक्यात न घालता पाहता येतं. आणि वादळाने पाडलेलं जंगल शक्यतो यंत्रांनी उचलावं, सरपणवाल्या हौशी माणसांनी त्यात शिरू नये, अशी शिस्त रुजवायचा प्रयत्न झाला.

खरी परीक्षा 2018 नंतर आली. लागोपाठ तीन कोरड्या वर्षांत स्प्रूस या सूचिपर्णी झाडाची जंगलं तहानेने दुबळी झाली आणि साल पोखरणाऱ्या भुंग्याने ती संपवली. जर्मन अंतराळ संस्थेने उपग्रहचित्रांवरून काढलेल्या अंदाजानुसार जानेवारी 2018 ते एप्रिल 2021 या काळात सुमारे पाच लाख हेक्टरवरचं झाडांचं छत्र नष्ट झालं. 2020 या एका वर्षात तोडलेल्या सुमारे आठ कोटी घनमीटर लाकडापैकी सहा कोटी घनमीटर, म्हणजे तीन चतुर्थांश, नुकसान झालेल्या झाडांचं होतं. हार्झ पर्वतातले राखाडी उतार सगळ्या देशाने पाहिले. यापेक्षा कमी दिसलं ते बीच वृक्षांचं मरण. आणि लाकूडतोड्यांच्या दृष्टीने तेच जास्त घातक. मेलेल्या बीचचं लाकूड फार लवकर ठिसूळ होतं. शेंड्यातल्या जड फांद्या नुसत्या धक्क्याने तुटून खाली येतात. आणि इथे पिढ्यानपिढ्या शिकवलेली, तोवर बरोबर असलेली पद्धतच उलटली: छेदात पाचर ठेवून तिच्यावर घणाचे घाव घालायचे, हा झाड पाडण्याचा प्रमाण मार्ग होता. मेलेल्या झाडाला प्रत्येक घावाने हादरा बसतो आणि प्रत्येक हादऱ्याने वरची फांदी सुटू शकते, तीही नेमकी बुंध्याशी उभ्या असलेल्या माणसावर. मग न ठोकता फिरवून पुढे सरकवायच्या पाचरी आल्या, दुरून रिमोटने चालणाऱ्या पाचरी आल्या. बाडेन-व्युर्टेम्बर्गमधल्या क्योनिग्सब्रॉनच्या वनप्रशिक्षण केंद्रात तर झाडाला ट्रॅक्टरच्या विंचचा दोर बांधून सुरक्षित अंतरावरून ओढून पाडण्याची एक पद्धत बसवली गेली, जी आज त्या गावाच्याच नावाने ओळखली जाते. माझ्या मुख्य म्हणण्याला यापेक्षा बळकट पुरावा नाही. या वर्षांत करवत बदलली नव्हती, विजार तीच होती, नियमही तेच होते. झाड बदललं, आणि त्याबरोबर सुरक्षितपणाचा अर्थ बदलला.

आता हे शिकवतं कोण, हा प्रश्न. बिस्मार्कच्या काळात 1884 मध्ये जर्मनीत सक्तीच्या अपघात विम्याचा कायदा झाला आणि 1886 मध्ये तो शेती आणि वनकामाला लागू झाला. या विम्याचं वैशिष्ट्य असं, की हप्ता मालक भरतो, जखमी कामगाराला कोर्टात न जाता उपचार आणि निवृत्तिवेतन मिळतं, आणि विमासंस्थेचं कायद्याने ठरलेलं पहिलं कर्तव्य भरपाई देणं हे नसून अपघात टाळणं हे आहे. आज शेती, वन आणि बागकामासाठी हे काम 2013 मध्ये एकत्र केलेली, कासेल इथे मुख्यालय असलेली एसव्हीएलएफजी ही सामाजिक विमासंस्था करते. ती नियम लिहिते, निरीक्षक पाठवते, प्रशिक्षण देते, सुरक्षित साधनांना अनुदान देते. घोर निष्काळजीपणाने अपघात घडवणाऱ्याकडून झालेला खर्च वसूलही करू शकते. तिच्या जोडीला ग्रोस-उमश्टाट इथली केडब्ल्यूएफ ही संस्था करवती, बूट, विजारी प्रत्यक्ष वनकामात तपासून शिक्का देते. प्रशिक्षण टप्प्याटप्प्यांचं आहे: आधी पडलेलं आणि बारीक लाकूड, मग उभी झाडं, मग वादळातली आणि अवघड झाडं, आणि दोरावर चढून करवत चालवणं अगदी वेगळं. वनकामगार व्हायचं तर तीन वर्षांचं शिक्षण आहे. या रचनेत शिकवणाऱ्याला शिकवण्याचं आर्थिक कारण आहे. टाळलेला प्रत्येक अपघात म्हणजे पुढची तीस-चाळीस वर्षं न द्यावं लागणारं निवृत्तिवेतन.

यावर पहिला आक्षेप असा, की मग हौशी लोकांचं काय? जर्मनीतही कोणी दुकानात जाऊन करवत विकत घेऊ शकतो; त्यासाठी सरकारी परवाना लागत नाही, आणि स्वतःच्या परसात ती चालवायला प्रमाणपत्रही लागत नाही. हे खरं आहे. पण सरपणवाल्यांना शिस्त लागली ती दुसऱ्या वाटेने. पीईएफसी आणि एफएससी या वनप्रमाणन संस्थांनी अट घातली, की प्रमाणित जंगलात स्वतः लाकूड कापणाऱ्याने करवतीचा अभ्यासक्रम केलेला असावा. जंगलमालकाला लाकडाला भाव हवा, भावासाठी प्रमाणपत्र हवं, म्हणून तो सरपणवाल्याकडे कागद मागू लागला. लोक याला बोलीभाषेत करवतीचं लायसन म्हणतात, पण त्यामागे पोलिस नाही, लाकडाचा बाजार आहे. काहींना ही नोकरशाही वाटते. एक-दोन दिवसांच्या वर्गात असं काय शिकणार, असंही विचारलं जातं. दोन दिवसांत लाकूडतोड्या तयार होत नाही हे कबूल. मात्र दोन दिवसांत माणसाला आपण कुठल्या झाडाला हात लावू नये हे नक्की कळतं. पडलेल्या ओंडक्यांपुरतं राहायचं, अडकलेलं झाड दिसलं तर फांद्या किंवा शेजारचं झाड कापून ते सोडवायला जायचं नाही, करवत खांद्याच्या वर न्यायची नाही, शिडीवर चढून चालवायची नाही. या चार गोष्टी मनात बसल्या तरी फी वसूल झाली.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: मरणाऱ्यांत तीस-तीस वर्षं जंगलात घालवलेले लोकही असतात, मग प्रशिक्षणाने काय साधलं? इथे अनुभव आणि शिक्षण यांत फरक करावा लागतो. हजार वेळा चुकीच्या रीतीने झाड पाडूनही काही झालं नाही, तर ती रीत बरोबर आहे असं मनाला वाटू लागतं. निरोगी झाड चुका माफ करतं. मेलेलं बीच करत नाही. लहान खासगी जंगलांत काम करणाऱ्या वयस्क मालकाने हे वडिलांकडून शिकलेलं असतं, नंतर कुठल्या वर्गाला गेलेला नसतो, आणि बहुधा तो एकटा असतो. एकट्याने करवत चालवायची नाही, दुसऱ्याशी सतत हाकेच्या किंवा नजरेच्या अंतरात किंवा अन्य संपर्कात राहायचं, हा विमासंस्थेचा नियम आहे; पण स्वतःच्या रानात शनिवारी सकाळी गेलेल्या माणसाला तो पाळायला कोण लावणार? जंगलात आज क्रमांक दिलेल्या बचाव-ठिकाणांच्या पाट्या आहेत. 112 वर फोन करून तो क्रमांक सांगितला की रुग्णवाहिका नेमक्या वाटेवर येते. मांडीची मोठी रक्तवाहिनी कापली गेली तर काही मिनिटांत रक्त बांधावं लागतं, आणि तेवढ्या वेळात एकटा, खोडाखाली दबलेला माणूस फोनपर्यंत पोहोचेलच असं नाही. पगारी, प्रशिक्षित, गटात काम करणारा कामगार आणि हा एकटा मालक यांच्यात जे अंतर आहे तेच प्रशिक्षणाचं मोल दाखवतं. दरवर्षी एसव्हीएलएफजीकडे नोंदल्या जाणाऱ्या हजारो वनअपघातांतले आणि डझनांनी होणाऱ्या मृत्यूंतले पुष्कळ याच खासगी रानांतले आहेत.

तिसरा आक्षेप तंत्रज्ञानाचा. केबिनमध्ये बसून झाड पकडून कापणारी हार्वेस्टर यंत्रं आली, बॅटरीवरच्या करवती आल्या. मग ही सारी चर्चा कालबाह्य होत नाही का? हार्वेस्टरने सपाट भागातल्या स्प्रूस-पाइनच्या कामातला धोका खरोखर घटवला आहे, आणि वादळग्रस्त रानात तीच पहिली निवड असावी. पण तीव्र उतार, जाड बुंध्याचे बीच आणि ओक, जमिनीवर जड यंत्र नेणं योग्य नसलेली ठिकाणं, इथे माणूसच लागतो. आणि हवामानबदलापुढे टिकण्यासाठी जर्मनी एकसुरी स्प्रूसच्या जागी मिश्र, पानगळीची जंगलं उभारत आहे. म्हणजे हातकामाची गरज संपायची नाही. बॅटरीच्या करवतीने धूर नाहीसा होतो, आवाज आणि कंपनं घटतात, हा मोठा लाभ आहे. मात्र साखळी तितक्याच वेगाने फिरते, आणि यंत्र शांत असताना ते चालू आहे हे विसरायला होतं. झाडाला तर कापणारी साखळी पेट्रोलवर फिरली की बॅटरीवर, याने काहीच फरक पडत नाही.

यात एक पेच असा आहे, ज्याचं सोपं उत्तर माझ्या मते नाही. सुतारपक्षी, वटवाघळं, भुंगे यांच्यासाठी सुकलेली आणि पोकळ झाडं जंगलात राखली पाहिजेत हे आज सर्वमान्य आहे. पण राखलेलं प्रत्येक मेलेलं झाड शेजारी काम करणाऱ्याच्या डोक्यावरचा धोका आहे. निसर्गप्रेमी आणि कामगार यांच्यात हा ताण खरा आहे, आणि तो नाकारून चालत नाही. बाडेन-व्युर्टेम्बर्गच्या राज्य वनविभागाने 2010 मध्ये आखलेल्या धोरणात सुटीसुटी झाडं राखण्याऐवजी जुन्या झाडांचे गट आणि छोटे राखीव तुकडे ठेवायचं ठरलं, आणि कामगारांची सुरक्षितता हे त्यामागचं एक स्पष्ट कारण होतं. पक्ष्याला गट चालतो, माणसाला तो टाळून जाता येतो. अशी तडजोड कागदावर सोपी असली तरी प्रत्येक डोंगरउतारावर ती नव्याने करावी लागते.

महाराष्ट्राला यातून घेण्यासारखं काय आहे? भारताचे पहिले वन महानिरीक्षक डीट्रिख ब्रांडिस हे बॉनचे. 1864 मध्ये ते त्या पदावर आले आणि जंगलाचं मोजमाप, राखण, तोडीचं वेळापत्रक ही जर्मन विद्या त्यांच्या हाताने इथे रुजली. झाड तोडणाऱ्या माणसाच्या शिक्षणाची परंपरा मात्र तिच्याबरोबर आली नाही. आपल्याकडचे कायदे, 1964 चा वृक्षतोड नियमनाचा आणि 1975 चा नागरी भागातल्या झाडांचा, झाड तोडायला परवानगी लागते का हे पाहतात. ते कोण आणि कसं तोडणार हे विचारत नाहीत. 1923 पासून कामगाराला अपघातानंतर भरपाई द्यायची तरतूद आहे, पण शिकवणं हे कोणाचंच काम नाही. 3 जून 2020 ला ‘निसर्ग’ वादळाने रायगड-रत्नागिरीतल्या नारळ, सुपारी, आंब्याच्या बागा झोपवल्या, पुढच्याच वर्षी ‘तौक्ते’ आलं. वाडीवाडीत कटर आणून आडवी-तिडवी, ताणाखाली असलेली झाडं कापली गेली, आणि ते करणाऱ्या बहुतेकांच्या पायात साध्या चपला होत्या. मुंबई-पुण्यात दर पावसाळ्यात रस्त्यावर पडलेलं झाड हटवताना हेच दृश्य असतं.

जर्मनीसारखी विमासंस्था आपण उद्या उभी करू शकत नाही, आणि प्रत्येक कटरला लायसन लावायला निघालो तर आणखी एक दाखला विकत घेण्याची सोय होईल. पण अट घालण्याची ताकद जिथे आहे तिथून सुरुवात करता येते, जशी तिथे लाकडाच्या बाजारातून झाली. महापालिकांच्या वृक्षछाटणीच्या निविदांत प्रशिक्षित माणूस, संरक्षक विजार, बूट आणि हेल्मेट यांची अट असावी आणि त्याचे पैसे दरातच धरलेले असावेत. वनविकास महामंडळाच्या तोडीच्या कंत्राटांतही तेच. दापोलीचं कोकण कृषी विद्यापीठ, कृषी विज्ञान केंद्रं आणि आपत्ती निवारण दलं यांनी मिळून दोन दिवसांचा मराठीतला अभ्यासक्रम आखावा, ज्यात नारळ, आंबा, फणस, साग, वड ही आपली झाडं असतील. जर्मन पुस्तकातला बीच आपल्या कामाचा नाही; नारळाला वार्षिक वलयं नसतात, त्याचं लाकूड तंतुमय असतं, आणि बिजागरीची पट्टी त्यात कशी वागते हे इथेच तपासून लिहावं लागेल. पुढच्या वादळाआधी निदान किनारपट्टीच्या तालुक्यांत अशी माणसं तयार असावीत, आणि ती कोण आहेत याची यादी तहसीलदाराकडे असावी.